पुढची वीस मिनिटं पडद्यावर कशी दाखवायची? (हवाई वाहतूक नियंत्रकांचे इंटरफेस)

रेघोट्या

दोन विमानं समोरासमोर, एकाच लेव्हलला (उंचीच्या थरावर), दोघांचा वेग ४८० नॉट (तासाला ४८० नॉटिकल मैल). प्रत्येक जण मिनिटाला ८ नॉटिकल मैल कापतो, म्हणजे मधलं अंतर मिनिटाला १६ मैलांनी घटतं. एनरूट, म्हणजे विमानतळांपासून दूरच्या वाटचालीत, रडार सेपरेशन (दोघांत राखायचं किमान अंतर) ५ मैलांचं. पडद्यावर ८० मैलांची फट ऐसपैस वाटते, पण हातात पाच मिनिटंही नसतात. त्यातून रेडिओवर बोलणं, रीडबॅक (वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवणं), आणि प्रत्यक्ष लेव्हल बदलायला लागणारा वेळ वजा करा.

म्हणून नियंत्रक आत्ताचं चित्र बघत बसत नाही, तो पुढचं जुळवत असतो. प्रश्न असा की त्याच्या डोक्यातली ही जुळवाजुळव पडद्यावर आणायची कशी? रेघा ओढायच्या, यादी द्यायची, की वेळेचा आलेख काढायचा? कोणत्या यंत्रणेने काय केलं, कुठे फसलं, यावर तपशिलात लिहा. 'यूजर फ्रेंडली असावं' छापाचे प्रतिसाद नकोत, कृपया. :)

वाराआडवा

आधी 'पुढचं' म्हणजे किती पुढचं ते ठरवा. त्याची सरमिसळ झाली की इंटरफेस बिघडलाच म्हणून समजा.

साधारण दोन मिनिटं: हा एसटीसीएचा प्रांत. शॉर्ट टर्म कॉन्फ्लिक्ट अलर्ट हे सुरक्षाजाळं आहे. ते वाजलं तर नियोजन आधीच हुकलेलं असतं.

पाच ते आठ मिनिटं: रेडिओवर बसलेला रडार कंट्रोलर. हेडिंग (नाकाची दिशा), लेव्हल, वेग देतो.

दहा ते वीस मिनिटं: प्लॅनर. विमान सेक्टरमध्ये (आकाशाच्या आपल्या वाट्याच्या तुकड्यात) यायच्या आधीच शेजारच्या सेक्टरशी बोलून ते कोणत्या लेव्हलला आत घ्यायचं आणि कोणत्या लेव्हलला बाहेर सोडायचं ते ठरवतो. एमटीसीडी, म्हणजे मिडियम टर्म कॉन्फ्लिक्ट डिटेक्शन, ते याच्यासाठी. अमेरिकेतलं युरेट हे असंच साधन वीस मिनिटं पुढे बघायचं, ब्रिटनमध्ये स्वॅनविकच्या नियंत्रण केंद्रात २०११ पासून पूर्ण वापरात आलेलं आयफॅक्ट्स अठरा मिनिटांपर्यंत बघतं.

त्यापुढे तासांचा हिशेब फ्लो मॅनेजमेंटचा. आपल्याकडे ते काम दिल्लीतल्या केंद्रातून चालतं. तो वेगळा धागा होईल.

आता सगळ्यात जुनी सोय घ्या, स्पीड व्हेक्टर. टार्गेटच्या (पडद्यावरच्या विमानाच्या खुणेच्या) पुढे निघालेली रेघ, १, २, ४ किंवा ८ मिनिटांची. स्वस्त आणि मस्त. पण ती आत्ताच्या दिशेत सरळ ओढलेली असते. पुढच्या पॉइंटला मार्ग ४० अंशांनी वळतो हे तिला माहीत नाही, आणि लेव्हल तर ती दाखवतच नाही. आठ मिनिटांची रेघ म्हणजे ६४ मैल. पंचवीस विमानांच्या अशा रेघा लावल्या की पडद्यावर काड्यापेटी सांडल्यासारखं होतं. नियंत्रक ती हवी तेव्हा क्षणभर लावतात आणि पुन्हा काढून टाकतात, ते यामुळेच. म्हणून ती एका दाबात लागली आणि बोट उचललं की गेली पाहिजे, मेन्यूत शिरावं लागता कामा नये.

शेवटचा_डबा

अडाणी प्रश्न. मार्ग, वेग, लेव्हल सगळं संगणकाला माहीत आहे. मग त्यानेच वीस मिनिटांनंतरची जागा काढून 'हे दोघं भिडणार' म्हणून सांगावं की. माणसाला डोकेफोड कशाला?

गणकयंत्र

अडाणी अजिबात नाही, सगळं घोडं इथेच अडतं. माहीत असतं ते अर्धवट असतं.

आडव्या दिशेत: वाऱ्याचा अंदाज १० नॉटने चुकला तर वीस मिनिटांत जागा ३.३ मैलांनी चुकते. सेपरेशन ५ मैलांचं आहे हे लक्षात घ्या. तरी लेव्हल फ्लाइटमध्ये हे निभावून नेता येतं.

खरी पंचाईत चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या विमानांची. विमानाचं वजन जमिनीवरच्या संगणकाला सहसा माहीत नसतं, आणि चढण्याचा दर वजनावर ठरतो. एक विमान लेव्हल २५० (म्हणजे २५,००० फूट) वरून ३५० ला चढतंय. दर मिनिटाला १००० फूट असेल तर पाच मिनिटांनी ते ३०० वर असेल, १६०० असेल तर ३३० वर. आडवं जाणारं दुसरं विमान ३२० वर आहे. म्हणजे त्याच क्षणी पहिलं विमान दुसऱ्याच्या २००० फूट खाली असू शकतं, १००० फूट वर असू शकतं, नाहीतर नेमकं त्याच्या लेव्हलमधून जात असू शकतं. तिन्ही उत्तरं बरोबर!

यंत्रणेने सावध राहून ही सगळी पट्टी 'धोका' धरली तर चढणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विमानावर लाल खूण उमटते. दहातल्या आठ खुणा फुकट गेल्या की माणूस नवव्या-दहाव्या खुणेकडेही बघत नाही. आणि पट्टी अरुंद केली तर खरी टक्कर निसटते. हा अल्गोरिदम सुधारून सुटणारा प्रश्न नाही, माहितीच अपुरी आहे.

रेघोट्या

मग अनिश्चितताच दाखवूया ना. पुढे रुंदावत जाणारा पंखा काढायचा. जितकं पुढचं, तितकं रुंद आणि फिकट. चक्रीवादळाच्या नकाशावर असतो तसा.

वाराआडवा

चक्रीवादळ एक असतं, इथे पंचवीस विमानं आहेत. पंचवीस पंखे एकमेकांवर चढले की पडदा धुक्यात जातो. पंखा हवा तर फक्त निवडलेल्या जोडीसाठी.

आणि मुळात नियंत्रकाला 'शक्यता किती टक्के' यात रस नसतो. त्याला हवं असतं 'काय केलं की हे निश्चित होईल?' गणकयंत्र यांचंच उदाहरण घ्या. पाच मिनिटांत ३३० गाठायचं तर ८००० फूट, म्हणजे मिनिटाला १६०० फूट. पडद्याने 'धोका ४० टक्के' न म्हणता 'वरून जायचं तर किमान १६०० चा दर लागेल, खाली राहायचं तर ३१० ला थांबवा' एवढं दाखवावं. मग नियंत्रक वैमानिकाला विचारतो, १६०० किंवा जास्त दर जमेल का? तो हो म्हणाला तर अट घालून चढवायचं, नाही म्हणाला तर ३१० ला थांबवायचं. ज्या गोष्टीचा संगणकाला पत्ता नव्हता, ती ज्याला माहीत आहे त्याला विचारून घेतली.

आणखी एक आकडा हवा: हा प्रश्न कधीपर्यंत विचारता येईल. तीन मिनिटांनी विचारलात तर लागणारा दर गगनाला भिडलेला असतो. निर्णयाची मुदत दाखवणारा इंटरफेस मला टक्केवारी दाखवणाऱ्यापेक्षा शंभर पटीने उपयोगाचा वाटतो.

सांजदिवा

+१. वाचतेय, लिहीत राहा.

पागोळी

नव्या पडद्यांकडे जाण्याआधी जुन्या कागदी स्ट्रिपकडे (प्रत्येक विमानाची माहिती लिहिलेल्या पट्टीकडे) बघायला हवं, कारण नियोजनाचं बरंच काम ती गुपचूप करायची. वेंडी मॅके यांनी पॅरिसजवळच्या आथिस-मॉन्स केंद्रात नियंत्रकांचं काम जवळून पाहिलं आणि १९९९ साली कागदाबद्दलचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला मुद्दा आजही पुरतो: स्ट्रिपवरची माहिती महत्त्वाची आहेच, पण स्ट्रिप हाताळण्याची क्रियाही तितकीच महत्त्वाची आहे.

जवळून बघा. प्लॅस्टिकच्या खाचेत बसवलेली कागदाची पट्टी, रॅकमध्ये एकाखाली एक. दोन विमानांचं काहीतरी बघायचं राहिलंय? त्या दोन पट्ट्या रॅकमधून बोटभर बाहेर ओढून तिरक्या ठेवायच्या. काम झालं की आत ढकलायच्या. नजर रॅकवरून फिरली की कोणती कामं उघडी आहेत ते न वाचता कळतं. शेजारचा सहकारीही तिरकी पट्टी बघून ओळखतो की याचं लक्ष आहे, सांगायला नको. दिलेली लेव्हल हाताने लिहिली, जुनी खोडली, की ती डोक्यातही बसते.

इलेक्ट्रॉनिक स्ट्रिप आणताना दोन चुका हमखास होतात. पहिली, यंत्रणा पट्ट्या आपोआप वेळेनुसार लावते. क्रम लावणं हेच नियोजन होतं! ते काढून घेतलं की माणसाला दर वेळी यादी नव्याने वाचावी लागते. दुसरी, तिरकं ठेवण्याऐवजी 'फ्लॅग' नावाचं बटण मेन्यूत तिसऱ्या पातळीवर टाकतात. तीन क्लिक लागणारी आठवण कोणी ठेवत नाही.

करायचं असं: नवी पट्टी यंत्रणेने सुचवलेल्या जागी वेगळ्या रंगात यावी, पण हलवायची माणसाने. एकदा हाताने हलवलेली पट्टी यंत्रणेने परत हलवू नये. आणि बाजूला ओढली की तिरकी राहावी, बस्स.

रेघोट्या

हाच नियम लेबलांना (रडारवर विमानाच्या खुणेशेजारी असणाऱ्या माहितीला) लागू होईल का? लेबलं एकमेकांवर चढतात म्हणून आपोआप सरकवणारी सोय बऱ्याच प्रोटोटाइपमध्ये दिसते.

पागोळी

हो, आणि तिथे तर जास्तच कडकपणे. लेबल 'वर-उजवीकडे' आहे हे नजरेला पाठ झालेलं असतं. दर अपडेटला उडी मारणारं लेबल वाचायला जास्त वेळ घेतं, आणि क्लिक करायला जावं तर जागेवर नसतं. भलत्याच विमानाच्या मेन्यूत लेव्हल टाकण्याची चूक इथून जन्मते. आपोआप सरकवायचंच असेल तर हाताने ठेवलेलं लेबल वगळा, आणि माउस जवळ आला की सगळी हालचाल थांबवा.

वाराआडवा

आता आयफॅक्ट्समधला सेपरेशन मॉनिटर. या धाग्यासाठी तोच सगळ्यात शिकण्यासारखा नमुना आहे. नकाशाऐवजी एक आलेख: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर त्या जोडीचं सर्वात कमी होणारं अंतर. प्रत्येक जोडी म्हणजे एक खूण. डावीकडे सरकत येणारी खूण जवळ येणारी वेळ दाखवते, आणि खाली असलेली खूण कमी अंतर. एका नजरेत कामाची यादी तातडीनुसार लागते. मेख अशी की भूमिती हरवते. समोरासमोर आहेत, मागून गाठतोय की आडवे, ते कळत नाही. म्हणून खुणेवर माउस नेला की रडारवर त्या दोघांचे मार्ग आणि सर्वात जवळ येण्याच्या जागा उजळल्या पाहिजेत. दोन पडदे असे एकमेकांना बांधले नाहीत तर आलेख शोभेचा.

दुसरी गोष्ट 'असं केलं तर?'. लेव्हल मेन्यू घ्या. लेबलमधल्या दिलेल्या लेव्हलवर क्लिक केलं की ३०० ते ४१० ची उभी यादी उघडते. त्यात:

आत्ताची दिलेली लेव्हल बरोबर माउसच्या खाली यावी, म्हणजे वरची-खालची एक ओळीवर राहते.

ज्या लेव्हलला गाठ पडणार तिच्यासमोर खूण, कोणाशी आणि किती मिनिटांनी. बाकी ओळी कोऱ्या. 'मोकळं आहे' म्हणून हिरवा रंग नको, कारण यंत्रणेला दिसलं नाही म्हणजे मोकळं असतंच असं नाही.

ओळीवर नुसतं थांबलं की चाचणी, क्लिक केलं की नोंद. या दोहोंत गल्लत झाली तर न दिलेलं क्लिअरन्स (परवानगी) यंत्रणेत दिलं म्हणून बसतं. चाचणीचा मार्ग तुटक रेघेने दाखवा.

पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम लेव्हल (३१०, ३३०, ३५०...), पश्चिमेकडे सम (३००, ३२०...). उलट दिशेच्या ओळी फिक्या करा, पण बंद करू नका. गरजेला त्याही लागतात.

मेन्यूने ते विमान आणि त्याचा शेजारी झाकू नये. ऐकायला क्षुल्लक, पण निम्मे प्रोटोटाइप इथे नापास होतात.

गणकयंत्र

हे सगळं एका गोष्टीवर टेकलेलं आहे: नियंत्रकाने रेडिओवर दिलेली प्रत्येक सूचना यंत्रणेत टाकली पाहिजे. लेव्हल बहुतेक जण टाकतात. हेडिंग राहून जातं.

मान्सूनच्या आधीचा मे महिना, मुंबईच्या सेक्टरांत ढगांचे मनोरे. प्रत्येक वैमानिक म्हणतो, 'वीस मैल डावीकडे जायचंय'. विमान मार्ग सोडतं आणि यंत्रणा अजून जुन्या मार्गावर हिशेब करत बसते. एमटीसीडी सगळ्यात जास्त हवं असतं तेव्हाच ते खोटं बोलायला लागतं. उपाय तीन, तिन्ही लागतात. एक, मार्गापासून ठरावीक अंतर सुटलं की लेबलवर तशी खूण, आणि त्या विमानाचा हिशेब आपोआप 'आहे त्या दिशेत सरळ' असा. दोन, त्या विमानाची भाकितं वेगळ्या, बारीक रेघेत, आणि पल्ला छोटा. मार्गावर परत कधी येणार ते माहीत नाही, तेव्हा वीस मिनिटांचं भाकीत दाखवणं हा भोंदूपणा. तीन, हेडिंग टाकणं सोपं करा: टार्गेटपासून रेघ ओढली, सोडली, झालं. परत कुठल्या पॉइंटला जोडायचं तो त्याच ओढण्यात निवडता आला तर उत्तम.

अरबी समुद्रावर तर वेगळीच तऱ्हा. तिथे रडार पोचत नाही, एडीएस-सी मधून (विमान स्वतः पाठवतं त्या रिपोर्टमधून) ठरावीक मिनिटांनी जागा कळते आणि मधल्या वेळेत यंत्रणा अंदाजाने टार्गेट पुढे सरकवते. ते भरीव चिन्हात दाखवू नका. पोकळ चिन्ह, आणि शेवटच्या रिपोर्टला किती मिनिटं झाली तो आकडा. जमेची बाजू म्हणजे सीपीडीएलसीवर (नियंत्रक आणि वैमानिक यांच्यातले लेखी संदेश) लिहून दिलेलं क्लिअरन्स आपसूक यंत्रणेत जातं.

माहीमची_खाडी

एनरूट पुष्कळ झालं, जरा खाली उतरूया. मुंबईला ०९/२७ आणि १४/३२ या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन असूनही एका वेळी एकच धरून चालावं लागतं. तिच्यावरच उतरणं, तिच्यावरूनच उडणं. इथे नियोजनाचं साधन म्हणजे एमॅन, अरायव्हल मॅनेजर: उभी वेळेची शिडी, तळाशी आत्ताची वेळ, वर चढत जाणारी मिनिटं, आणि प्रत्येक विमानासमोर 'चार मिनिटं गमव' किंवा 'एक कमाव'.

काय चुकतं? पहिलं, क्रमाची चुळबुळ. दोन विमानांच्या अंदाजी वेळा वीस सेकंदांच्या फरकाने असतील तर वारा जरा हलला की त्यांचा क्रम उलटतो, पुढच्या अपडेटला परत सुलटतो. तोवर नियंत्रकाने एकाला वेग कमी करायला सांगितलेलंही असतं. म्हणून ठरावीक फायदा असल्याशिवाय क्रम बदलायचा नाही, आणि एका टप्प्यानंतर तो गोठवायचा. त्यानंतर बदल फक्त माणसाने ओढून.

दुसरं, 'आठ मिनिटं गमव' हे कोणाला सांगताय? चाळीस मिनिटं लांब असलेलं विमान माक (आवाजाच्या वेगाच्या तुलनेत वेग) ०.८० वरून ०.७६ वर आणलं तर पाच टक्के, म्हणजे दोनच मिनिटं गळतात. उरलेली सहा पुढच्या सेक्टरच्या आणि होल्डिंगच्या (आकाशात घिरट्या घालण्याच्या) वाट्याची. पडद्यावर प्रत्येक सेक्टरला त्याचा वाटा दिसावा. सगळ्यांना पूर्ण आठ दाखवले तर एक जण जास्त हळू करतो आणि दुसरा काहीच करत नाही.

तिसरं, धावपट्टी बदलणं. २७ वरून १४ वर जायचं ठरलं की शिडीवर त्या वेळेला आडवी पट्टी टाकता आली पाहिजे: हिच्या खालचे सगळे २७ ला, वरचे १४ ला. देखभालीसाठी धावपट्टी बंद असण्याची वेळही तशीच, भरलेला ठोकळा म्हणून.

शेवटचा_डबा

उतरणाऱ्या दोघांमधली फट कशी मोजतात? मैलात की मिनिटांत?

माहीमची_खाडी

चांगलं विचारलंत. नियम मैलांत: मोठ्या 'हेवी' विमानामागे 'मिडियम' असेल तर वेकसाठी (पुढच्या विमानामागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांसाठी) ५ मैल. जमिनीवरचा वेग १४० नॉट असताना ५ मैल म्हणजे सुमारे १२९ सेकंद. समोरून वीस नॉटचा वारा वाढला आणि वेग १२० झाला की तेच ५ मैल १५० सेकंदांचे होतात. तासाला उतरणारी विमानं घटतात, उशीर मागे साचत जातो.

हीथ्रोला मार्च २०१५ पासून अंतराऐवजी वेळ धरतात. आता डोक्यात वाऱ्याप्रमाणे मैलांचा हिशेब कोण करणार? म्हणून पडद्यावर पुढच्या विमानामागे, अंतिम मार्गाच्या रेघेवर एक खूण सरकत राहते. मागच्याला त्या खुणेवर आणून ठेवायचं, एवढंच. वारा, प्रकार, वेग सगळं पोटात घेऊन एक खूण. पुढच्या विमानाचा प्रकार किंवा शिडीवरचा क्रम चुकीचा असेल तर मात्र खूणही चुकीच्या जागी, म्हणून खुणेजवळ ती कोणासाठी आहे ते छोट्या अक्षरांत हवंच.

पागोळी

बिघाडाची अवस्था डिझाइनमध्ये पहिल्या दिवशी घ्या, शेवटी चिकटवू नका. १ जुलै २००२ ला जर्मनीतल्या युबरलिंगेनवर दोन विमानांची टक्कर होऊन ७१ माणसं गेली. त्या रात्री तिथलं आकाश सांभाळणाऱ्या झुरिचची रडार यंत्रणा देखभालीसाठी दुय्यम अवस्थेत होती, पडद्यावर दिसणारा एसटीसीएचा इशारा उपलब्ध नव्हता, आणि एकच नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता. कोरा पडदा 'सगळं ठीक' असाही वाचता येतो आणि 'बघणारं कोणी नाही' असाही. साधन बंद असेल तेव्हा ते जिथे दिसायचं त्याच जागी 'बंद' असं दिसलं पाहिजे. कोपऱ्यातल्या बारीक दिव्याला काही अर्थ नाही.

वाराआडवा

आणि लेव्हलची माहिती कुठून येते तेही. १२ नोव्हेंबर १९९६, चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर, ३४९ बळी. दिल्लीकडे तेव्हा प्रायमरी रडार होतं, पडद्यावर ठिपका दिसायचा, उंची नाही. उंची वैमानिक सांगेल तीच. १५,००० फुटांची परवानगी असलेलं विमान त्याखाली उतरलं आणि पडद्याला ते कळायची सोयच नव्हती. आजही लेबलवर 'विमानाने पाठवलेली लेव्हल' आणि 'दिलेली लेव्हल' शेजारी-शेजारी ठेवतात. विमानात निवडलेली लेव्हल मोड-एस मधून (रडारच्या विचारणेला विमान आपोआप देतं त्या उत्तरातून) मिळत असेल तर ती दिलेल्या लेव्हलशी जुळत नाही म्हणताच आकडा उठून दिसावा. चुकीचा रीडबॅक निसटला तरी विमान हलायच्या आधी पकडता येतो.

रेघोट्या

चाचणी कशी घ्यायची? 'आवडलं का?' विचारून काही मिळत नाही, एवढं मला ठाऊक आहे.

पागोळी

सिम्युलेशन अध्येमध्ये गोठवा, पडदे कोरे करा आणि विचारा. मीका एन्डस्ली यांची सॅगॅट पद्धत. तीन थरांचे प्रश्न: कोणती विमानं कुठे आहेत, कोणाचा कोणाशी संबंध आहे, आणि पुढच्या पाच मिनिटांत कोणती जोडी हाताळावी लागेल. तुमच्यासाठी तिसरा थर. साधनासह आणि साधनाविना दोन्हीकडे घ्या. साधन असताना काम हलकं वाटतं पण तिसऱ्या थराची उत्तरं ढासळतात, असं निघालं तर साधन माणसाऐवजी विचार करतंय आणि ते बंद पडल्यावर हाल होणार. गोठवण्याची वेळ आधी कळू देऊ नका. सरावात मुद्दाम चुका पेरा: चुकीचा वारा, न टाकलेलं हेडिंग, मध्येच बंद पडलेलं साधन.

गणकयंत्र

हात चालवून बघायला डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठाचा ब्लूस्काय सिम्युलेटर फुकट आहे, पायथनमध्ये. त्यात सोल्युशन स्पेस आकृतीही काढता येते: विमानाभोवती किमान आणि कमाल वेगाची दोन वर्तुळं, आणि प्रत्येक शेजाऱ्यामुळे निषिद्ध होणारी त्रिकोणी फाक. फाकांबाहेरची कुठलीही दिशा आणि वेग चालतो. उत्तर न सांगता मोकळी जागा दाखवते, म्हणून मला आवडते. पण ती सपाट आहे, चढउतार त्यात मावत नाही.

रेघोट्या

शेवटचं एक. तिरक्या पट्टीला वेळ जोडली तर? '१२ मिनिटांनी आठवण कर' आणि मग ती उजळेल.

वाराआडवा

मिनिटांना जोडू नका, घटनेला जोडा: 'अमुक पॉइंट ओलांडला की', '३१० सोडलं की', 'ते दुसरं विमान पार झालं की'. नियंत्रक तसाच विचार करतो. विमान हळू झालं तर बारा मिनिटांचा गजर अवेळी वाजतो, पॉइंटचा वाजत नाही. आणि उजळणं आवाजाविना, फक्त पट्टीची कड. आवाज एसटीसीएसाठी राखून ठेवा.